डाव्या हाताचा नियम

मी अकरा वर्षं इंग्रजी शिकवलं, असं आमच्या घरात कोणी पाहुण्यांना सांगितलं की पहिल्यांदा माझा नवरा हसतो. मग मुलगी हसते. पाहुणे दोघांच्या तोंडाकडे बघून अंदाज घेतात आणि मग तेही हसतात. शेवटी मीही हसून घेते आणि चहा टाकायला उठते.

त्यांचं काही चुकत नाही. उमरेडकडच्या ज्या गावात मी शिकले तिथे इंग्रजी पाचवीत सुरू व्हायची आणि बहुतेकांची पाचवीतच संपायची. माझी कशीबशी बारावीपर्यंत टिकली. डी.एड. मराठीतून केलं, संसार मराठीतून केला. आजही नागपुरात सीताबर्डीला जायला मेट्रोत बसले आणि ती न दिसणारी बाई इंग्रजीतून काही सांगायला लागली, की मी शेजारणीकडे बघते. ती उठली की उठते.

अशी बाई इंग्रजीच्या वर्गावर कशी गेली, तर एका साखरपुड्यामुळे. शाळेत जूनच्या पहिल्या आठवड्यात कामवाटपाची सभा असते. सहल कोणाकडे, पोषण आहार कोणाकडे, क्रीडा कोणाकडे. त्या सभेला जो गैरहजर असतो त्याला उरलेलं काम मिळतं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मी नोकरी केली त्या प्रत्येक शाळेत पाळला जातो. मी त्या दिवशी चुलतभावाच्या साखरपुड्याला आलूभाताच्या पंगतीत बसले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत आले तर मुख्याध्यापक लांजेवार सर म्हणाले, “मॅडम, अभिनंदन. इंग्रजी आधारवर्ग तुमच्याकडे.”

“सर, मले तं इंग्रजी येत नाही.”

“पोरांनाही येत नाही. जमेल तुमचं.”

बाहेरच्या माणसाला हा आधारवर्ग म्हणजे काय ते सांगायला हवं. आमची शाळा हिंगण्याच्या रस्त्यावर, कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या वस्तीत. सरकारी, मराठी माध्यमाची. पण पाचवीपासून एक तुकडी सेमी. म्हणजे बाकी विषय मराठीतून आणि गणित, विज्ञान मात्र इंग्रजीतून. आईबाप आपल्या पोराला या सेमीत घालायला धडपडायचे. पोरगं आत शिरायचं आणि पहिल्याच दिवशी विज्ञानाच्या पुस्तकासमोर बसून राहायचं. घरी कोणी वऱ्हाडी बोलायचं, कोणी हिंदी, कोणी छत्तीसगडी. शाळेत येऊन ते पुस्तकातली मराठी शिकत होतं, ती अजून पुरती बसली नव्हती, तोवर ही तिसरी भाषा. अशा मुलांसाठी शाळा भरण्याआधी रोज एक तास, पावणेदहा ते पावणेअकरा, असा तो वर्ग. कागदावर ‘इंग्रजी आधारवर्ग’. पोरं त्याला ‘सकाळचा वर्ग’ म्हणत आणि आमचे बाकीचे शिक्षक ‘मॅडमची गंमत’.

माझी तयारी घरी व्हायची. मुलगी तेव्हा इंग्रजी शाळेत दुसरीला. संध्याकाळी मी तिच्या वेण्या घालायची आणि ती मला दुसऱ्या दिवशीचे शब्द द्यायची. मी चुकले की डोकं हलवायची, वेणी सुटायची, मी पुन्हा पहिल्यापासून घालायची. कधी कधी एका वेणीत आठ शब्द बसायचे. सकाळी मी पिशवीत घरातल्या वस्तू भरून न्यायची. झाकणं, कुलूप, पोळपाट, गाळणी. वस्तू दाखवायची, नाव सांगायचं, मग त्या वस्तूबद्दल चार वाक्यं बोलायची. नवरा सकाळी डब्याचं झाकण शोधत फिरायचा आणि म्हणायचा, “आज झाकणाले इंग्रजी शिकवाले नेलं वाटते.”

आणि माझा एक नियम होता. या लेखात मी जे सांगायला बसले आहे ते सगळं त्या नियमाचंच आहे.

आठवीत असताना आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा काही विचारलं आणि सगळ्यांनी हात वर केले म्हणून मीही केला. सरांनी नेमकं मलाच उठवलं. मला येत नव्हतं. तास संपेपर्यंत हात वर करून उभी होते. मागून कोणीतरी माझ्या रिबिनीला खडू बांधला होता, तोही काढता येईना, कारण हात खाली घ्यायचे नव्हते. तेव्हा काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण त्या दिवसानंतर मी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही.

त्यामुळे आधारवर्ग हाती आल्यावर पहिल्याच दिवशी मी दार लावून घेतलं आणि पोरांना म्हटलं, “हे पहा, आपल्या वर्गात प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. एकही हात खाली नको. पण ज्याले येते त्यानं उजवा. ज्याले येत नाही त्यानं डावा. डाव्या हाताले मी कधीच उठवणार नाही. माझा शब्द आहे. अन् ही गोष्ट वर्गाबाहेर गेली नाही पाहिजे.”

ही युक्ती माझी नाही. एका प्रशिक्षणात ती मला मिळाली, तीही चहाच्या वेळी, एका म्हाताऱ्या शिक्षकाकडून. त्यांच्यासाठी ती साहेब आले की दाखवायची होती. मी ती रोजची केली. कोणी आलं तर वर्ग तेजस्वी दिसायचा हे खरं, पण मला खरी गंमत वाटायची ती वेगळीच. ज्याला येत नाही तोही हात वर करून ताठ बसलेला असायचा. बाहेरच्या कोणाला कळायचं नाही, कोणाला लाज नाही. पोरांनी शब्द असा पाळला की विचारू नका. अकरा वर्षांत एकाही पोराने घरी सांगितलं नाही, मैदानात सांगितलं नाही, पोरं आपसातही त्यावर बोलली नाहीत. मला त्याचा फार अभिमान होता. पोरं एवढी गुपचूप राहतात याचा पुढे मला किती त्रास होणार आहे हे तेव्हा समजलं नव्हतं.

प्रणाली आमच्याकडे आली ती पोळ्यानंतर. सहावीत. भंडाऱ्याकडच्या एका गावातून. आई हिंगण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली आणि मायलेकी इथे खोली घेऊन राहायला आल्या. वडील नव्हते. गावी काका होते आणि काकांचं म्हणणं होतं की पोरीला शहरात न्यायची काही गरज नाही. आई ऐकली नाही.

तिला वर्गात सोडायला आई स्वतः आली होती. कंपनीचा निळा कोट अंगात, हातात डबा. म्हणाली, “मॅडम, माह्या पोरीले सेमीत टाकलं म्या. साहेबाच्या मांगं लागून लागून टाकलं. कंपनीत कागद येते इंग्रजीत, आमी सतरा बाया त्याच्यावर सही करतो. काय लिवलं हाय, देवाले माहीत. मले वाटते, एक तरी वाचनारी पायजे घरात.”

“होईल, बाई. काळजी नका करू.”

“नाही झालं तं तिचे काका म्हनतीन, पाठव गावाले वापस. त्यायले तेवढंच पायजे हाय.”

म्हणजे पोरीचं सेमीत राहणं म्हणजे पोरीचं नागपुरात राहणं होतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

प्रणाली खिडकीशेजारी बसायची, आफरीन नावाच्या मुलीच्या बाजूला. आफरीन वर्गात सगळ्यात हुशार. प्रणाली बारीकशी, फ्रॉक एक माप मोठा, फळा पुसायला सगळ्यात आधी धावणारी. डाव्या हातात डस्टर घेऊन सरसर पुसायची, वरच्या ओळीपर्यंत हात पुरला नाही तर उडी मारायची. मी रोज बघायची. बघायची म्हणजे काय, डोळ्यांसमोर होतं, एवढंच.

प्रश्न विचारला की तीही हात वर करायची. डावा. अख्खा, खांद्यापासून, बोटं ताणून, जरा बाकावरून उठून. मला येत नाही हे इतक्या उत्साहाने सांगणारी मुलगी मी तोवर पाहिली नव्हती. बाकीची डाव्या हातवाली पोरं कोपर वाकवून, अर्धवट वर करायची. हिचा हात म्हणजे झेंड्याची काठी. संध्याकाळी घरी मी कौतुकाने सांगितलंही, “काय प्रामाणिक पोरगी आहे! कधी म्हणून उजवा हात करत नाही.” घरातल्या कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

तिची वही मात्र चांगली असायची. उत्तरं बरोबर, अक्षर गोल. मी बाजूला आफरीनची वही बघायची आणि मान हलवायची. एकदा म्हटलंही, “बेटा, आपलं आपण लिहावं. चुकलं तरी चालते.” तिने माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. आफरीनने तोंड उघडलं होतं, मी तिला “तू गप बस वं” म्हटलं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. फेब्रुवारीत यादीची वेळ आली. आमच्या शाळेची पद्धत अशी होती, की वर्षाच्या शेवटी आधारवर्गाच्या शिक्षकाने लिहून द्यायचं, कोणाला पुढच्या वर्गात सेमीत ठेवायचं आणि कोणाला साध्या तुकडीत पाठवायचं. वहीपेक्षा बोलणं बघायचं, असं ठरलेलं होतं, कारण वही कोणाचीही असू शकते. मी पाठवायच्या मुलांची यादी केली. चार नावं. चौथं प्रणालीचं.

सही करण्याआधी मी तिच्या आईला बोलावलं. एवढं तरी केलं. ती कामाची पाळी संपवून आली, बाकावर टेकली. मी माझ्या आवाजात जेवढा गोडवा होता तेवढा सगळा ओतून सांगितलं की पोरगी गुणी आहे, मेहनती आहे, पण इंग्रजी काही जमत नाही, आपण तिला उगीच ताण देऊन राहिलो.

आई थोडा वेळ डब्याची कडी वाजवत राहिली. मग म्हणाली, “घरी तं बोलते हो, मॅडम. भांडे घासता घासता बोलते. मले समजत नाही, पन बोलते.”

मनात म्हटलं, प्रत्येक आई हेच म्हणते.

“अन् थे म्हनते, मॅडम मले विचारतच नाही.”

यावर मी हसले. अजून आठवलं की अंगाला चटका बसतो, पण हसले. म्हटलं, “बाई, मी मुद्दाम विचारत नाही. सगळ्यांसमोर पोरीले लाज नको वाटायला, म्हणून.”

त्यावर तिने माझे हात धरले. “मोठं मन हाय तुमचं,” म्हणाली, आणि डबा उचलून गेली. गावी काकांना कधी कळवायचं ते ती दारातच ठरवत असावी, कारण पायरीवर दोनदा थांबली.

मी यादीवर सही केली आणि लांजेवार सरांच्या टेबलावर ठेवली.

तीन दिवसांनी शाळाभेट होती. मोहोड मॅडम नावाच्या अधिकारी येणार होत्या. त्यांनी वर्ग बघायचा, शेरेबुकात शेरा लिहायचा आणि त्यावर आधारवर्ग पुढल्या वर्षी चालायचा की बंद व्हायचा ते ठरायचं. लांजेवार सर सकाळपासून तीनदा माझ्या वर्गात डोकावून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, “मॅडम, ते हात-बीत नीट वर करून राहिली नं पोरं?” सरांना युक्ती माहीत नव्हती. त्यांना फक्त एवढंच माहीत होतं की माझ्या वर्गात फार हात वर होतात.

मोहोड मॅडम आल्या. उंच, पांढऱ्या केसांचा आंबाडा, पायात साध्या चपला. पोरांशी मराठीत दोन शब्द बोलल्या आणि मग इंग्रजीत प्रश्न टाकला. आपापल्या आईविषयी सांगा, आई काय काम करते. सगळे हात वर. पस्तीसच्या पस्तीस. उजवे बावीस-तेवीस, बाकी डावे. मी उजव्यांकडे प्रेमाने बघत होते.

मोहोड मॅडमनी वर्गावरून नजर फिरवली. अगदी सावकाश. मला वाटलं, त्या ओठांत हसल्या. मग उजव्या हातांवरून सरळ पुढे जात त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

“यू. द गर्ल नियर द विंडो.”

अकरा वर्षांत डावा हात पहिल्यांदा उठवला जात होता. माझा शब्द मोडत होता आणि मोडणारी मी नव्हते, म्हणून काही करताही येत नव्हतं. प्रणाली उभी राहिली. फ्रॉक खाली ओढला.

“माय मदर वर्क्स इन अ कंपनी,” ती म्हणाली. “शी पॅक्स बॉक्सेस.”

आणि पुढे बोलतच गेली. थांबत, शब्द शोधत, पण बोलत. खोक्यावर चिकटवायच्या कागदावर बाण असतो आणि ‘धिस साइड अप’ असं लिहिलेलं असतं. आईला ते वाचता येत नाही. एकदा बाण पुसलेला होता आणि आईने सगळी खोकी उलटी लावली, तेव्हा साहेब ओरडला. म्हणून तिने आईच्या मनगटावर पेनाने ते तीन शब्द काढून दिले, कागदाशी जुळवून बघायला. आंघोळीत पुसतात म्हणून रोज सकाळी नवे काढावे लागतात. “नाऊ शी नोज थ्री वर्ड्स,” ती म्हणाली, “अँड आय विल गिव्ह हर मोअर.”

एवढं बोलून बसली.

मला आठवतं, मी टेबलाची कड धरली होती.

मोहोड मॅडमच्या कपाळावर आठी होती. त्यांनी परत वर्गाकडे बघितलं, या वेळी उजव्या हाताकडे बोट केलं. आफरीन उठली, फाडफाड बोलली. आणखी एक उजवा. तोही बोलला. मॅडमनी डोकं एकदा हलवलं, “व्हेरी गुड” म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. आणखी एक डावा हात त्यांनी उठवला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी पुढे अनेक दिवस करत होते.

लांजेवार सरांच्या खोलीत चहा आला. मॅडमनी शेरेबुकात लिहिलं, सर्व विद्यार्थी आत्मविश्वासाने इंग्रजी बोलतात, वर्ग चालू ठेवावा. सरांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की जणू पोरांना त्यांनीच शिकवलं. आणि त्या आनंदात त्यांनी माझी यादी मॅडमपुढे सरकवली. “ही तेवढी नजरेखालून घाला.” मॅडमनी पेन उघडलं.

चौथं नाव मला उलटंही वाचता येत होतं.

गप्प बसले असते तर वर्ग वाचला होता, शेरा लिहून झाला होता, माझं कौतुक झालं होतं. नंतर सरांना हळूच सांगून नाव काढून घेता आलं असतं, असं मी स्वतःला सांगूनही बघितलं. पण लांजेवार सर सही झालेला कागद बदलणाऱ्यांतले नव्हते, आणि एकदा पोरगी गावी गेली की गेली.

“थांबा,” मी म्हटलं. “त्या यादीत चूक आहे. चौथं नाव. तिचं तुम्ही आत्ता ऐकलं.”

“ती खिडकीतली?” मॅडमनी पेन खाली ठेवलं. “तिला काढून राहिल्या तुम्ही?”

मग मी सगळं सांगितलं. उजवा, डावा, शब्द, सगळं. मी बोलत होते आणि लांजेवार सरांचा चहा थंड होत होता.

मोहोड मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. “मी काही जन्मतः अधिकारी नाही, मॅडम,” त्या म्हणाल्या. “बारा वर्षं खडू होता माझ्या हातात. वर्गात शिरल्या शिरल्या तुमची युक्ती ओळखली मी. म्हणून तर मुद्दाम डावा हात उठवला, तुमची फजिती बघायला.”

“अन् मग?”

“मग ती पोरगी असं बोलली, की मला वाटलं तुमच्याकडे उलटं आहे. डावा म्हणजे येतं. म्हणून उजवे उठवले. तेही बोलले. म्हटलं, बाई खरंच शिकवते. आता सांगा, या पोरीनं डावा काहून केला?”

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“विचारलं नाही?”

मला नाही म्हणतानाही लाज वाटली.

मॅडमनी शेरेबुक परत ओढलं. ‘सर्व’ खोडलं, वर ‘बहुतेक’ लिहिलं, खोडलेल्या जागी सही केली. यादी माझ्या हातात दिली. “आठ दिवस देते. चारही पोरांना तोंडानं विचारा. मग नवी यादी करा.” दारातून जाताना वळून म्हणाल्या, “नियम वाईट नव्हता तुमचा. पण तो पाळून राहिलं कोण, ते बघायचं राहिलं.”

(चारही मुलांना मी विचारलं. दोघांना जेमतेम का होईना, येत होतं, ती राहिली. एकाला खरंच येत नव्हतं, तो साध्या तुकडीत गेला. त्यालाही मी वर्षभर एकदासुद्धा विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आलं असतं का, हे आता कोणीच सांगू शकत नाही.)

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी प्रणालीला वर्गात थांबवून घेतलं. ती खिचडीचं ताट घेऊन उभी.

“बेटा, तू डावा हात काहून वर करतेस?”

ती घाबरली. “मी डावखोरी आहो नं, मॅडम. आईनं लिवाचा हात बदलवला, जेवाचा बदलवला. हात वर कराचा कोनी बदलवलाच नाही.” मग घाईने म्हणाली, “बदलवू काय?”

“नको. नको बदलवू.” मला पुढचं विचारवत नव्हतं, तरी विचारलं. “आपल्या वर्गाचा नियम तुले माहीत आहे? हाताचा?”

“कोनता नियम?”

तो नियम मी दरवर्षी जूनमध्ये दार लावून सांगायची. ही आली पोळ्यानंतर. नवीन मुलीला तो सांगायचा राहिला होता आणि पोरांनी माझा शब्द इतका इमानदारीने पाळला होता की शेजारी बसणाऱ्या आफरीननेही सांगितला नाही. बाहेर सांगायचं नाही म्हणजे नाही.

मी तिला समजावून सांगितला. ती ऐकत गेली आणि तिच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मला इथे लिहिता येणार नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “म्हनजे मी रोज म्हनत होती, की मले येत नाही?”

“हो.”

“अन् थे कॉपी?”

“ती पण माझीच चूक.”

तिने ताटातल्या खिचडीकडे बघितलं. मी म्हटलं, “पोरी, सहा महिने झाले. मी एकदाही विचारलं नाही. तरी रोज हात वर करत राहिलीस. काहून?”

“मले वाटे,” ती म्हणाली, “आज नाही तं उद्या विचारसान.”

मी नोकरीत असताना प्रशिक्षणं पुष्कळ केली. दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेऊन नागपूरजवळ बेसा इथल्या घरी येऊन बसले तेव्हा प्रमाणपत्रांची एक पिशवी निघाली. मुलीने विचारलं, यातलं कुठलं कामाचं आहे? मला एकही दाखवता आलं नाही. कामाचं जे होतं ते एका सहावीतल्या पोरीने खिचडीचं ताट हातात धरून सांगितलं होतं, आणि त्याचं प्रमाणपत्र कोणी देत नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला मी पुन्हा दार लावून घेतलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दार लावलं म्हणजे काहीतरी मोठं.

“आपला नियम आजपासून बंद,” मी म्हटलं. “ज्याले वाटते त्यानं हात वर करा. कोणताही. नाही वाटत त्यानं नका करू. मी कोणालेही विचारीन. चुकलं तं चुकलं, मीही चुकते. चुकलं म्हणून कोणाले उभं नाही ठेवणार, अन् कोणी हसलं तं पुढचा प्रश्न त्याले.”

पिशवीतून चाळणी काढली. त्या शब्दाचं इंग्रजी मलाही आदल्या संध्याकाळी वेणी घालतानाच कळलं होतं. चाळणी वर धरून विचारलं, “व्हॉट इज धिस?”

अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या वर्गात चारच हात वर झाले. किती ओकाबोका दिसत होता वर्ग! तीन हात उजवे. चौथा खिडकीशी, डावा, खांद्यापासून, बोटं ताणून, बाकावरून अर्धी उठलेली.

“प्रणाली,” मी म्हटलं.

ती उभी राहिली. फ्रॉक खाली ओढला. चाळणीकडे नीट बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “फिशिंग नेट!”

वर्ग हसला. पुढचा प्रश्न त्यांना, हे सगळे विसरले, मीही विसरले. प्रणालीही हसली, तोंडावर हात ठेवून, डावा. मी बरोबर शब्द सांगितला, तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि “बस” म्हटलं.

ती बसली नाही.

“मॅडम,” ती म्हणाली, “अजून एक विचारा नं.”

मी पिशवीत हात घातला.